दिव्यांग शंभरात दोन की सोळा? निफाडच्या एका ग्रामपंचायत सदस्येच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निफाड तालुक्यातलं तुमचं गाव साधारण पाच हजार वस्तीचं. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला, ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा म्हणून यादी काढली, तर त्यात ३६ नावं निघाली. बैठकीत एक सदस्य म्हणाले की जनगणनेच्या टक्केवारीने शंभराच्या वर माणसं असायला हवीत. घरी आल्यावर मुलीने दाखवलं की जागतिक आरोग्य संघटना १६ टक्के सांगते, म्हणजे गावात आठशे. आता यातला खरा आकडा कोणता आणि आपली यादी चुकली का, असं तुम्ही विचारलं आहे.

यादी चुकलेली नाही. पण ती गावातल्या दिव्यांगांची यादी नाही, दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र असलेल्यांची यादी आहे. शंभरचा आकडा घरोघरी विचारल्यावर ज्यांना घरच्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांचा आहे, आणि आठशेचा आकडा अडचण किती जणांना आहे याचा. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गडबड होते ती एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की. मी नाशिक जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं गावोगावच्या तपासणी शिबिरांत काम केलं आहे. हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीत असतो आणि त्याची किंमत यादीत नसलेली माणसं मोजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या ३६ पासून करू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण २.६४ टक्के होतं, एकूण २९ लाख ६३ हजार माणसं. संख्येने महाराष्ट्राच्या पुढे फक्त उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचं प्रमाण तुमच्या गावाला लावलं तर १३२ जण येतात. आता दुसरा आकडा घ्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये देशभरातल्या सुमारे १ लाख १८ हजार कुटुंबांत दिव्यांगांची खास पाहणी केली. त्यात देशाचं प्रमाण २.२ टक्केच आलं, पण त्यातल्या फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. १३२ चे २८.८ टक्के काढा. ३८ येतात. तुमच्याकडे ३६ आहेत. म्हणजे तुमचं गाव देशाच्या सरासरीला धरूनच चाललं आहे, आणि देशाची सरासरीच अशी आहे की दिव्यांग म्हणून नोंद झालेल्या चौघांपैकी साधारण एकाच्याच हातात कागद होता. त्यानंतर युडीआयडी कार्डांचं, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रांचं, काम वाढलं, देशात १ कोटीच्या वर कार्डं निघाली. तरी २०११ च्याच जुन्या आकड्याच्या ती बरीच मागे आहेत.

आता त्या २.२१ टक्क्यांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. जनगणनेत दिव्यांगत्वाचा प्रश्न नववा होता. ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का, असा. उत्तर ‘हो’ आलं तरच पुढे प्रकार विचारायचा. प्रगणक एका दुपारी कितीतरी घरं करतो, दारात उभ्याउभ्या विचारतो, आणि उत्तर बहुधा घरातला कर्ता माणूस देतो. ज्याचा पाय पोलिओने बारीक झाला आहे त्याचं नाव तो लगेच सांगतो. ज्या आजीला हाक मारली तरी ऐकू येत नाही, तिचं नाव सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते वय आहे. जिला महिन्यातून दोनदा फिट येते त्या लग्नाच्या वयाच्या मुलीचं तर मुळीच नाही. माणसं खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. प्रश्नच असा आहे की उत्तर देणाऱ्याला आपल्या माणसावर शिक्का मारावा लागतो, आणि तो सहजासहजी कुणी मारत नाही.

हे पटायला एक हिशेब पुरेल. २०११ मध्ये महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं सुमारे दहा टक्के होती. तुमच्या गावात ती पाचशेच्या आसपास धरा. जनगणनेप्रमाणे देशातल्या साठीपुढच्या लोकांत दिव्यांगांचं प्रमाण ५.१८ टक्के. म्हणजे तुमच्या पाचशे म्हाताऱ्या माणसांत चालायला, दिसायला, ऐकायला किंवा दुसरा कुठलाही गंभीर त्रास असलेली जेमतेम २६ माणसं! तुमच्या गल्लीतली नावं मनात मोजा. गुडघे गेल्यामुळे घराचा उंबरा न ओलांडणाऱ्या बायाच तेवढ्या निघतील. ऐंशीच्या पुढेसुद्धा जनगणनेचा आकडा ८.४ टक्क्यांवरच थांबतो. ऐंशी ओलांडलेल्या बारा जणांपैकी अकरा जण धडधाकट आहेत, हे मी इतक्या वर्षांत एकाही गावात पाहिलेलं नाही.

प्रश्न आणि व्याख्या बदलली की आकडा कसा उड्या मारतो, हे आपल्याच दोन जनगणनांत दिसतं. २००१ मध्ये दृष्टिदोष असलेले १ कोटी ६ लाख नोंदले गेले आणि श्रवणदोष असलेले १२ लाख ६२ हजार. दहा वर्षांनी दृष्टिदोषाचे ५० लाख ३२ हजार झाले, श्रवणदोषाचे ५० लाख ७१ हजार. दहा वर्षांत निम्म्या लोकांना दिसायला लागलं आणि चौपट लोक बहिरे झाले असं कोणीही म्हणणार नाही. कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं, याचे नियम आणि प्रगणकांना दिलेल्या सूचना बदलल्या होत्या. २०१८ च्या पाहणीत तर आणखी वेगळं चित्र आहे. तिथे २.२ पैकी १.४ टक्का एकट्या हालचालीच्या दिव्यांगत्वाचा, म्हणजे अर्ध्याहून कितीतरी जास्त. जनगणनेत तोच वाटा एकूण दिव्यांगांच्या फक्त २० टक्के होता. एकूण बेरीज दोन्हीकडे सारखी दिसते म्हणून आकडा पक्का आहे असं अनेकजण सांगतात. आतली वाटणी इतकी वेगळी असताना ती बेरीज जुळणं मला तरी पुरावा वाटत नाही.

मनाच्या आजारांचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत मानसिक आजाराखाली सगळ्या देशात ७ लाख २३ हजार माणसं आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. प्रत्येक विकार म्हणजे दिव्यांगत्व नव्हे, हे मान्य. पण कोट्यवधींपैकी फक्त सात लाखांचं रोजचं जगणं अडलं असेल, हे शक्य नाही. ही माणसं गावात आहेत, घराच्या मागच्या खोलीत आहेत. यादीत नाहीत.

आता मुलीने दाखवलेला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जगात १५ टक्के म्हटलं होतं, २०२२ मध्ये १३० कोटी, म्हणजे १६ टक्के म्हटलं. अमेरिकेत प्रौढांपैकी चारात एक असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये १७.७ टक्के होते. हे वाचून आपल्याकडे लोक दोन टोकाचे निष्कर्ष काढतात. एक, आपण त्यांच्यापेक्षा निरोगी आहोत. दोन, ते फुगवून सांगतात. दोन्ही चूक. त्या देशांत म्हातारी माणसं जास्त आहेत, अपघातातून आणि पक्षाघातातून वाचणारे जास्त आहेत, आणि मुख्य म्हणजे ते दिव्यांग आहात का असं विचारत नाहीत. काय करायला त्रास होतो, असं विचारतात. शिवाय १६ टक्क्यांत मध्यम त्रासाची माणसंही धरलेली आहेत. त्यांना आधार लागतो, चष्मा, काठी, रॅम्प, कठडा लागतो. त्या सगळ्यांना योजनांसाठी लागणारं किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल असं नाही.

यावर ब्राझीलचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्यांच्या २०१० च्या जनगणनेत २३.९ टक्के लोक दिव्यांग असल्याचं जाहीर झालं होतं, साडेचार कोटींच्या वर. त्यांनी त्रास किती, हे पायरीपायरीने विचारलं होतं आणि ‘थोडा त्रास होतो’ म्हणणाऱ्यांनाही धरलं होतं. पुढे त्याच माहितीतून फक्त ‘खूप त्रास होतो’ आणि ‘अजिबात जमत नाही’ म्हणणारे वेगळे काढले, तर आकडा ६.७ टक्क्यांवर आला. माणसं तीच, उत्तरं तीच. रेघ कुठे मारली, एवढाच फरक. चीनने २००६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ६.३४ टक्के आले. आणि जागतिक बँकेने २००७ मध्ये भारताविषयी अहवाल काढला, त्यात आपल्याकडचं प्रमाण ४ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असावं असं म्हटलं. वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे तीन आकडे एकमेकांच्या जवळ पडतात. माझा स्वतःचा अनुभवही तिथेच जातो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर पाच हजारांच्या गावात ज्यांचं रोजचं काम खरोखर अडतं अशी माणसं २५० ते ४०० असतील, असं धरून तुम्ही नियोजन करा. १३२ हा तळ समजा, आठशे ही बाहेरची हद्द.

घरांच्या बाजूने पाहिलं तर हे प्रकरण आणखी जवळ येतं. जनगणनेच्या त्या अपुऱ्या आकड्यातसुद्धा देशातल्या २ कोटी ७ लाख कुटुंबांत, म्हणजे ८.३ टक्के घरांत, किमान एक दिव्यांग व्यक्ती होती. बारा घरांत एक. तुमच्या गावात हजार उंबरे असतील तर ऐंशीच्या वर घरं. प्रत्येक घरात त्या माणसामागे आणखी एक जण अडकलेला असतो, बहुतेक वेळा आई किंवा सून. तिची मजुरी बुडते. ती कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. २०११ मध्ये पुरुषांत प्रमाण २.४१ टक्के होतं, बायकांत २.०१. जगात बहुतेक ठिकाणी हे उलटं असतं, कारण बायका जास्त जगतात आणि वय वाढतं तसं दिव्यांगत्व वाढतं. आपल्याकडे बायका कमी भरतात याचा अर्थ आपल्या बायका जास्त सुदृढ आहेत असा घेऊ नका. मुलीचं लग्न अडेल म्हणून नाव लपतं, विधवेचं सांगणारं घरात कोणी नसतं, आणि स्वयंपाक होतोय तोवर बाईचा त्रास त्रास धरला जात नाही. तुमच्या ३६ मध्ये बायका किती आहेत ते बघा. दहा-बारा असतील तर शोध तिथूनच सुरू करा.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले, स्वमग्नता (ऑटिझम) आली, अध्ययन अक्षमता आली, पार्किन्सन्स आला, ॲसिड हल्ल्यातले पीडित आले. आपल्या सुरगाणा, पेठ, कळवण पट्ट्यातल्या आदिवासी घरांत सिकलसेल आहे, आणि द्राक्षाच्या हंगामात त्याच भागातली कुटुंबं तुमच्या निफाडच्या बागांत मजुरीला येऊन राहतात. ती तुमच्या गावच्या मतदारयादीत नाहीत, म्हणून दिव्यांग यादीतही नाहीत. त्यांना तुमच्या निधीत बसवणं नियमाने जमेलच असं नाही. पण तपासणीला नेता येतं, आणि तेवढं तरी करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पोलिओची पिढी आता तिशीच्या पुढे गेली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तिच्या जागी आता मुंबई-आग्रा हायवेवरचे मोटरसायकलचे अपघात, मळणीयंत्रात गेलेले हात, मधुमेहामुळे कापावे लागलेले पाय आणि पन्नाशीतला लकवा आला आहे. ‘अपंग’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे अजून कुबडीवरचा मुलगाच येतो. यादी करणाऱ्याच्याही.

मग गावात मोजायचं कसं? संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये वॉशिंग्टन गट नावाचा एक गट नेमला. त्याने सहा प्रश्न तयार केले, ते आज अनेक देशांत वापरले जातात. आपल्या बोलीत ते असे विचारा. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? कानाचं यंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? गोष्टी लक्षात ठेवायला, एखाद्या कामात लक्ष धरायला? अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामं करायला? आपल्या रोजच्या भाषेत दुसऱ्याचं समजून घ्यायला किंवा त्याला आपलं समजावून सांगायला? उत्तरं चारच आहेत. काहीच नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. एकाही प्रश्नाला शेवटच्या दोनपैकी उत्तर आलं की नाव यादीत घ्या. ‘दिव्यांग’ किंवा ‘अपंग’ हा शब्द पूर्ण संभाषणात काढायचा नाही, आणि शक्य असेल तिथे त्या माणसालाच विचारायचं, शेजारच्याला नाही.

हे प्रश्न सगळं पकडत नाहीत. फिट, मनाचा आजार, सिकलसेल त्यातून निसटतात. त्यासाठी आशाताईंशी स्वतंत्र बसा, कोणत्या घरात कायमच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना ठाऊक असतं. पाच वर्षांखालच्या मुलांनाही हे प्रश्न लागू पडत नाहीत. मुलांचा आकडा तर आपल्याकडे फारच खाली आहे, ० ते ६ वयोगटात १.२४ टक्के. कारण दोन वर्षांचं मूल बोलत नसलं तर ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ असं म्हणून घर गप्प राहतं, आणि कानाच्या उपचाराची जी सोन्यासारखी वर्षं असतात ती निघून जातात. अंगणवाडी सेविकेला विचारा की कोणतं मूल हाकेला वळत नाही, कोणतं दीड वर्षाचं झालं तरी उभं राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा ती मुलं त्या दिवशी हजर राहतील एवढं तुम्ही बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी या संस्थेचं काम सुरू केलं. इतकी जुनी वाट शहरात असतानाही निफाड-येवल्याकडचे पालक मूल बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे येत. तोवर घरात काय काय सोसलेलं असतं, ते ऐकवत नाही.

मानसिक आजाराची आणि फिटची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू नका. निधीची यादी ग्रामसभेत वाचायची असेल तर प्रकार न वाचता फक्त नाव वाचा. एकदा फलक लागला की पुढच्या वर्षी ते घर दार उघडत नाही.

सहा प्रश्नांतून निघालेली सगळी नावं लगेच निधीला पात्र ठरतील असं नाही, हे घरोघरी आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर लोकांची फसवणूक झाल्यासारखं होईल. निधीसाठी आणि बहुतेक योजनांसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्वाची रेघ ४० टक्क्यांवर आहे. आरक्षण वगैरे त्याच्या पुढे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणी. कार्ड पांढरं आलं तर ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि पुढे. गावातून एकेकटा माणूस सिव्हिलला गेला की रांग, कागद आणि परत या यातच त्याची मजुरी जाते. पाच-सहा जणांना एकत्र गाडी करून न्या, कागदपत्रं आदल्या दिवशी तपासा, सोबत वाचता-लिहिता येणारा एक जण द्या. गाडीचा खर्च स्वनिधीच्या त्या ५ टक्क्यांतून करता येईल का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारून ठराव करून घ्या. मला विचाराल तर पहिल्या वर्षी तो पैसा याच कामावर जावा. घमेली आणि घड्याळं वाटण्यात नको.

आणि यादी एकदा करून कपाटात ठेवू नका. २०१८ च्या पाहणीत एका वर्षात दर लाख लोकांमागे ८६ जण नव्याने दिव्यांग झाल्याचं आढळलं. तुमच्या गावात त्या हिशेबाने वर्षाला चार. तोही मोजण्याच्या त्याच तोकड्या पद्धतीने. दर डिसेंबरला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि तुम्ही तासभर बसलात तरी नवी नावं चढतील, गेलेली उतरतील.

पुढची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. २०११ नंतर सोळा वर्षांनी. त्या आधी जानेवारीत एक ग्रामसभा फक्त या विषयावर घ्या. प्रगणक दारात येईल तेव्हा आजीचे कान, सुनेची फिट, नातवाचं न बोलणं सांगायचं, लपवायचं नाही. ती माहिती गोपनीय राहते, कायदाच तसा आहे, हे लोकांना समजावून सांगा. तुमची यादी मात्र प्रगणकाच्या हातात देऊ नका. नोंद त्याने घरातल्यांना विचारूनच करायची असते.